पोखरलेला रायवळ उतरवायचा कसा: चढून, क्रेनने, बुंध्यातून की अर्धाच?

घराच्या मागच्या अंगाला जुना रायवळ आंबा आहे. बुंध्यात माणूस वाकून आत बघेल एवढी ढोली पडली आहे. वळवाच्या वाऱ्यात एक फांदी पडवीच्या कौलांवर आली आणि आता घरात झाड काढायचंच ठरलं आहे. 2020 चं निसर्ग आणि 2021 चं तौक्ते, या दोन वादळांनी कोकण किनारपट्टीवरची असंख्य झाडं पाडली. जी उभी राहिली त्यांतल्या कितीतरी झाडांची मुळं हलली, खांदे (खोडातून फुटलेल्या जाड फांद्या) मोडले आणि त्या जखमांतून कूज आत शिरली. वरून मात्र ती हिरवीगार दिसतात.

असं झाड काढायचे चार मार्ग आहेत: माणूस चढवून तुकड्या-तुकड्याने उतरवणं, क्रेन किंवा बकेट गाडी लावणं, बुंध्यात घाव घालून एकदम पाडणं, आणि माथा उतरवून खोड तसंच ठेवणं. बहुतेक घरांत चर्चा दरापासून सुरू होते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे. झाडाच्या ताकदीवर विश्वास उरला नाही म्हणून आपण ते काढतो आहोत. मग त्याच झाडाला माणूस बांधायचा का? याचं उत्तर मिळालं की मार्ग निवडणं बरंच सोपं होतं.

आधी झाड वाचा

पानं हिरवी आहेत याचा अर्थ खोड भक्कम आहे असा नाही. पाणी वर जातं ते खोडाच्या बाहेरच्या थरातून. आतला गाभा पूर्ण कुजला तरी झाडाला मोहोर येतो, आंबे लागतात. म्हणून पानांकडे बघू नका, बुंध्याकडे बघा. लाकडी हातोड्याने खोडाला चहूबाजूंनी ठोका. भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ लाकूड घुमतं. ढोलीतून लोखंडी सळी घालून भिंत किती जाड उरली आहे ते मोजा. झाडांची तपासणी करणारे साधारण असा हिशोब धरतात की उरलेली भिंत खोडाच्या त्रिज्येच्या एक तृतीयांशाहून कमी झाली की धोका वाढतो. म्हणजे बुंधा 90 सेंटिमीटर जाडीचा असेल तर भिंत निदान 15 सेंटिमीटर हवी. हा आडाखा आहे, हमी नव्हे. ढोली एका बाजूने उघडी असेल तर तेवढी भिंतही पुरत नाही.

हातोड्याला मुळांची कूज कळत नाही आणि सगळ्यात वाईट तीच. बुंध्याजवळ फळीसारखी वाढलेली टणक अळंबी, झाड कललं असेल त्याच्या उलट बाजूला जमिनीला गेलेली भेग, वाऱ्यात बुंध्यापाशी हलणारी माती, यातलं काहीही दिसलं तर त्या झाडावर कुणालाही चढवू नका. भिरूड (खोड पोखरणारी कीड) लागलेल्या आंब्याला खोडावर भोकं दिसतात आणि खाली भुसा पडतो. असा खांदा वरून जाड दिसला तरी आतून चाळणी झालेला असू शकतो.

चढून उतरवणं

गावात हाच मार्ग रुळलेला आहे. गाडी पाखाडीतून आत येत नाही, गडगा (दगडी कुंपणाची भिंत) पाडायला शेजारी तयार नसतो, म्हणून कोयता, करवत आणि दोर घेऊन दोघं-तिघं येतात. भक्कम झाडावर, जाणत्या माणसाच्या हातून हे काम सुरेख होतं. फांदी कुठे पडेल, किती झुलेल, कौलं कशी वाचतील याचा त्यांचा अंदाज वर्षानुवर्षं फांद्यांवर उभं राहून आलेला असतो. त्या कौशल्याबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच ते कौशल्य सडक्या लाकडावर पणाला लावू नये असं वाटतं.

माडावर चढणारा पाडेली पोखरलेल्या आंब्यावरही सहज काम करेल, असा एक समज आहे. माड हा एकच सरळ दांडा, त्याला फांद्या नाहीत, वजन सगळं मध्यावर. आंब्याचे खांदे आडवे पसरलेले, लाकूड ठिसूळ, आणि एक खांदा कापला की उरलेल्या झाडाचा तोल बदलतो. ही दोन वेगळी कामं आहेत.

चढून काम करताना खरा घात माणसाच्या वजनाने होत नाही, कापलेल्या ओंडक्याच्या झटक्याने होतो. ओल्या आंब्याचा 60 सेंटिमीटर जाडीचा, फक्त एक मीटर लांबीचा ओंडका अडीचशे किलोच्या आसपास भरतो. तो कापून त्याच खोडाला बांधलेल्या कप्पीवरून दोराने धरायचा, ही नेहमीची रीत. पण ओंडका मीटरभर खाली येऊन दोरावर अडकला की बसणारा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. त्यातही कप्पीवर दोराच्या दोन्ही बाजूंची ओढ एकत्र येते, म्हणजे दोराला बसेल त्याच्या जवळपास दुप्पट ताण खोडाला बसतो. त्याच खोडाला माणूस बांधलेला आहे. पोकळ खोड शांत वजन पेलेल, असा झटका पेलेलच असं नाही.

तरीही चढण्याशिवाय इलाज नसेल तर काही गोष्टींवर अडून बसा. माणसाचा मुख्य दोर शेजारच्या निरोगी, उंच झाडाला हवा. ते झाड अगदी जवळचं हवं; लांबचं असेल तर हात सुटल्यावर माणूस झोका घेऊन खोडावर आपटतो. चढण्याआधी वरच्या बेचक्यातून दोर टाकून खालून दोघांनी लोंबकळून ओढावं आणि तिसऱ्याने बुंध्याकडे बघत राहावं. ओंडके हातात मावतील एवढेच कापावेत आणि खाली मोकळी जागा असेल तर दोराने न धरता सरळ सोडून द्यावेत, म्हणजे खोडाला झटका बसत नाही. कमरेला हार्नेस, कापताना दोन ठिकाणी बांधलेला, डोक्याला हेल्मेट. सुंभाचा किंवा शेतातला जुना नायलॉनचा दोर माणसासाठी नाही. चेनसॉ एका हाताने चालवायचा नाही आणि शिडीवर उभं राहून तर कधीच नाही. वरचा माणूस जखमी झाला तर त्याला खाली आणू शकेल असा, चढण्याची साधनं अंगावर असलेला दुसरा माणूस खाली तयार हवा. हे विचारल्यावर ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याला काम देऊ नका.

मोबदल्याची रीतही सुरक्षिततेशी जोडलेली आहे. काही ठिकाणी लाकूड नेण्याच्या बोलीवर कमी पैशांत झाड पाडून देतात. लाकडाला भाव लांब ओंडक्याचा, त्यामुळे तोडणाऱ्याला लांब तुकडे पाडावेसे वाटतात, आणि लांब तुकडा म्हणजे मोठा झटका. पोखरलेल्या झाडाचं काम या बोलीवर देऊ नये. मजुरी पूर्ण द्या आणि तुकडे लहान मागा.

क्रेन, हायड्रा, बकेट गाडी

गाडी झाडापर्यंत येत असेल तर माझी पसंती यालाच. बकेट गाडीत उभा असलेला माणूस झाडाच्या ताकदीवर अवलंबून राहत नाही. खोड मोडलं तरी तो मोडत्या खोडाला बांधलेला नसतो. क्रेनने फांदी आधी वरून धरली आणि मग कापली, तर ती पडत नाही, उचलली जाते. झटक्याचा प्रश्नच मिटतो. कौलं, टाकी, पत्र्याची शेड सगळं खाली असताना याहून चांगला उपाय नाही.

पण क्रेन म्हणजे निर्धास्त, असंही नाही. चौदा टनांची हायड्रा (चाकांवर फिरणारी क्रेन) म्हणतात ती चौदा टन उचलते अगदी जवळून. बूम, म्हणजे क्रेनचा हात, लांब काढला आणि पुढे झुकवला की तिची ताकद झपाट्याने उतरते. आंब्याचा बुडाशी 40 सेंटिमीटर जाडीचा, आठ मीटर लांब खांदा नुसत्या लाकडाचा अर्ध्या टनाच्या घरात जातो. वर डहाळ्या आणि पानं वेगळी. चालकाला विचारा, एवढ्या अंतरावर तुमची गाडी किती उचलते? त्याच्या केबिनमध्ये तक्ता असतो. तक्ता बघून उत्तर देणारा चालक चांगला.

दुसरी गोष्ट जमिनीची. आधाराचे पाय शोषखड्ड्याच्या झाकणावर, विहिरीच्या काठाजवळ किंवा ताज्या भरावावर टेकवू नयेत. ही जागा घरच्या माणसालाच माहीत असते, म्हणून गाडी उभी करताना तुम्ही तिथे असायला हवं. आणि बकेट म्हणजे माणसासाठी बनवलेली, कठडा असलेली बकेट. जेसीबीच्या खोऱ्यात माणूस उभा करून फांद्या तोडताना सर्रास दिसतात. खोरं मातीसाठी आहे; त्यात उभ्या माणसाला बांधायला जागा नाही, आणि चालकाचा हात जरा जास्त हलला तर तो थेट खाली येतो.

खर्च अर्थात जास्त. गाडी तासावर किंवा दिवसावर असते, येण्याजाण्याचं भाडं वेगळं. मात्र चढून तीन दिवस चालणारं काम गाडीने एका दिवसात आटोपू शकतं. मजुरीचे दिवस आणि फुटणारी कौलं धरून दोन्ही दरांची तुलना करा, नुसते आकडे शेजारी ठेवू नका.

बुंध्यातून एकदम पाडणं

झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत माणूस, गुरं, घर, तार काही नसेल, तरच याचा विचार करावा. माळावरचं किंवा बागेच्या टोकाचं झाड असेल तर हा मार्ग सोपा आणि स्वस्त, कारण कुणाला वर चढावं लागत नाही. घराशेजारी मात्र हे करू नका. भरीव झाड हवं तिकडे पाडता येतं ते खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये राखलेल्या लाकडाच्या पट्टीमुळे. ती बिजागरीसारखी झाडाला वळवत नेते. पोकळ बुंध्यात ही पट्टी मधोमध नसतेच, उरते ती दोन कडांना. एक कड आधी तुटली की झाड तिकडे फिरतं, मग दोर लावा नाहीतर ट्रॅक्टर. कललेलं खोड काप अर्धवट असतानाच उभं चिरून मागे उसळू शकतं, आणि कापणारा नेमका तिथेच उभा असतो.

माथा उतरवून खोड ठेवणं

हा मार्ग लोक विचारातच घेत नाहीत. धोका असतो तो उंचीचा आणि वाऱ्याचा. मुळं धड असतील, तर पसारा उतरवून चार-पाच मीटरचं खोड ठेवलं की वारा पकडायला काही उरत नाही, आणि ते पडलं तरी घरापर्यंत पोचणार नाही एवढं अंतर बघून उंची ठरवता येते. खर्च कमी, कारण सगळ्यात जड भागाला हात लागत नाही. पोपट, पिंगळे, धनेश यांना घरटी करायला जुन्या ढोल्याच लागतात. धनेशाची मादी तर ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून चारा भरवतो. कोकणात हा काळ साधारण फेब्रुवारी ते मे, म्हणजे नेमका आपण पावसाआधी झाडं तोडायला निघतो तेव्हाचा. ढोलीच्या तोंडाशी लिंपण दिसलं तर थांबा. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा या पक्ष्यांना लागू आहे. घराला धोका त्या फांदीपुरताच असेल तर तेवढी फांदी काढा आणि बाकीचं काम पुढच्या हिवाळ्यावर ठेवा.

मुळं सडलेली असतील तर मात्र हा मार्ग नाही. असं खोड अर्धं ठेवलं तरी उन्मळतं.

परवानगी आणि तारा

महाराष्ट्रात महापालिका-नगरपालिकेच्या हद्दीत 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू होतो आणि अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे जातो. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा अधिक वर्षांच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे, त्यामुळे जुन्या रायवळाचा अर्ज लवकर करा. ग्रामीण भागात 1964 चा वृक्षतोड नियमनाचा कायदा बघावा लागतो. त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच आणि जांभूळ आहेत, झाड आपल्याच परसात असलं तरी. गोव्यात 1984 चा वेगळा कायदा आहे. अर्जासोबत ढोलीचे, अळंबीचे, भेगेचे फोटो जोडा. सळीने मोजलेली भिंतीची जाडी लिहा. नुसतं 'झाड धोकादायक आहे' यापेक्षा हे वजनदार ठरतं.

वीजतार झाडातून किंवा जवळून जात असेल तर वर सांगितलेला कोणताही मार्ग महावितरणने पुरवठा बंद केल्यानंतरच. ओळखीच्या वायरमनने फोनवर 'बंद केलीय' म्हणणं पुरेसं नाही. तो कामाच्या जागी हजर हवा. ओली फांदी वीज वाहते आणि भिजलेला दोरही.

माझा क्रम असा: गाडी येत असेल तर बकेट किंवा क्रेन, गाडी येत नाही पण मुळं आणि खालचं खोड बरं आहे, तर शेजारच्या झाडाला बांधलेला माणूस, लहान तुकडे, आणि जमलं तर खोड ठेवून द्यायचं. गाडीही येत नाही आणि मुळंही सडलेली, तर गडग्याचे दहा-पंधरा फूट उतरवून गाडीला वाट करा. जांभा दगड पुन्हा रचता येतो. शेजाऱ्याला तयार करण्यासाठी त्याला बुंध्यापाशी नेऊन ती भेग दाखवा. झाड त्याच्या बाजूलाही पडू शकतं. काम पावसाआधी, वारा पडलेल्या सकाळी घ्या, आणि आदल्या दिवशी शेंड्यापर्यंत नीट बघून घ्या की वर कुठे आग्यामोहोळ तर बसलेलं नाही.