शीत अर्धंच वाढा: पणजीतल्या एका खाणावळीचं परीक्षण

पणजी मार्केटच्या मागच्या बाजूला दहा-बारा टेबलांची, फक्त दुपारी चालणारी ही खाणावळ. नाव मुद्दाम देत नाही, कारण इथले गुण आणि खोडी पणजी-म्हापसा-मडगावच्या कितीतरी खाणावळींत सापडतील. मासे ताजे आहेत, बांगड्याच्या हुमणात (माशांच्या आमटीत) तेफळं विसरलेली नाहीत, सोलकढी पाणचट नाही. चवीचा प्रश्न इथेच मिटला. पाहायचंय ते एवढंच, की वर्षानुवर्षं डाएट करून थकलेल्या आणि आता पुन्हा भुकेप्रमाणे जेवायला शिकणाऱ्या माणसाला ही जागा कितपत सोयीची आहे.

भुकेप्रमाणे जेवण्याची ही पद्धत 'इंट्यूटिव्ह ईटिंग' या नावाने एव्हलिन ट्रिबोली आणि एलिस रेश या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी १९९५ मध्ये मांडली. तत्त्वं दहा, आणि पोषणाचा विचार मुद्दाम दहाव्या जागी. पहिल्याच दिवशी प्रोटीन मोजायला बसलं की तेही नवं डाएटच होतं. रोज हाताशी लागतं ते भुकेचं माप: ० म्हणजे उपाशीपोटी गरगरणं, ५ म्हणजे ना भूक ना तृप्ती, १० म्हणजे पोट दुखेपर्यंत. साधारण ३-४ ला ताटावर बसायचं, ६-७ ला उठायचं.

या मापाने पाहिलं तर खाणावळीची खरी परीक्षा मासळीत नाही, वाढण्यात आहे. ताटात उकड्या तांदळाचं शीत (भात), हुमण, तिसऱ्यांचं सुकं, सुक्या सुंगटांची (कोलंबीची) खोबरं घातलेली किसमूर, एक भाजी, लोणचं, सोलकढी आणि रव्यात तळलेला बांगडा. शिताचा पहिलाच ढीग दोन मोठ्या वाट्यांएवढा, आणि 'हो' म्हणायच्या आत त्यावर हुमण ओतलेलं. एकदा कालवलं की ते शीत ना परत करता येतं, ना नंतरसाठी बाजूला ठेवता येतं. म्हणून ताट टेबलावर येण्याआधीच सांगावं: शीत अर्धं, हुमण वाटीत वेगळं. वाढपी ऐकतात. पुढचा वाढा घेऊन आले की 'नाका' (नको) म्हणू नये. नाका म्हटलं की आग्रह सुरू होतो. 'मागीर' (नंतर) म्हणावं. मागीर म्हटलं की माणूस पुढच्या टेबलाकडे वळतो. शब्द छोटा आहे, पण काम दुहेरी करतो: वाढप्याला थांबवतो आणि आपल्यालाही आठवण देतो की शीत संपणार नाहीये. लपवून, घाईने, 'उद्यापासून बंद' म्हणत खाण्याची सवय जडलेल्याला ही खात्री फार लागते.

बांगडा गरम असतानाच खावा, शेवटासाठी राखू नये. एकच चव खात गेलं की तिची गोडी घासागणिक उतरते, पण न खाल्लेल्या चवीची तशी उतरत नाही; पोषण-संशोधक बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हे प्रयोगांतून दाखवलं. थाळी नेमकी यामुळेच फसवते. हुमणाने मन भरलं की किसमूर बोलावते, किसमुरीनंतर सोलकढी. म्हणून अर्धं शीत संपल्यावर हात थांबवून दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात. बांगड्याचा आत्ताचा घास पहिल्यासारखा लागतोय का, हे जिभेला विचारायचं. बरगड्यांखाली ताण जाणवतोय का, हे पोटाला. जीभ 'आणखी' आणि पोट 'पुरे' म्हणत असेल तर आणखी दोन घास तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर घ्यावेत आणि मग सोलकढी. दोन्ही 'आणखी' म्हणत असतील तर उरलेलं अर्धं शीत बिनदिक्कत मागवावं. अर्ध्यावर थांबणं हा नियम नव्हे. तसा नियम केला की पुन्हा डाएट.

आता खोडी. पहिली म्हणजे वेळ. पोट भरल्याची पूर्ण खबर मेंदूपर्यंत पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात, आणि इथे एक ते दोनच्या गर्दीत ताट दहा-बारा मिनिटांत उचललं जातं. खुर्चीमागे पुढचं गिऱ्हाईक उभं असतं, त्याची पिशवी आपल्या कोपराला लागत असते. अशात ६ आणि ८ मधला फरक कोणाला कळणार? साडेबाराला या किंवा सव्वादोननंतर. सव्वादोनला खुर्ची निवांत मिळते, फक्त इसवण (सुरमई), चणक हे मासे संपलेले असू शकतात.

पण सव्वादोनला यायचं तर सकाळी आठच्या नाश्त्यावर तग धरणं चुकीचं. दुपारी थाळी आहे म्हणून पोट राखून ठेवणारे भूक १ वर असताना येतात आणि ९ वर उठतात. मग दोष थाळीला, नाहीतर स्वतःच्या जिभेला. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात दिवसभर अन्नच घोळायला लागलं, काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसले, आणि पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर काहींना थांबता येईना. उपाशी शरीर असंच वागतं. गोव्यात यावर जुना उपाय आहे: दहा-अकराची पेज, सोबत लोणचं किंवा आदल्या रात्रीचं सुकं. ऑफिसात पेज जमत नसेल तर अर्धी पोई (गोव्याचा पाव) आणि पातळ भाजी. दोनला भूक ३ वर येते.

दुसरी खोड म्हणजे दारावरची 'अनलिमिटेड' पाटी. अर्धं खा नाहीतर दुप्पट, पैसे तेवढेच. त्यामुळे 'वसूल' करायची भाषा डोक्यात शिरते. अर्धी थाळी कमी दरात ठेवली तर कितीतरी शीत बादलीत जाणार नाही.

तिसरी सर्वांत खटकते. फळ्यावर खडूने लिहिलंय, 'गिल्ट-फ्री थाळी': ब्राऊन राइस, ग्रिल केलेली चणक, काकडी-टोमॅटो. सोलकढी वगळलेली, दर मात्र जास्त. ग्रिल केलेल्या चणकीबद्दल तक्रार नाही, छान भाजतात. पण एका थाळीला गिल्ट-फ्री म्हटलं की शेजारची बांगड्याची थाळी आपोआप गुन्हा ठरते. ही थाळी खाणारे चारच्या सुमाराला बेकरीत दिसले तर नवल नाही. पोट भरलं, जेवण झालं नाही. फळ्यावर नुसतं 'ग्रिल थाळी' लिहा, विषय संपला.

काहींनी मात्र हे माप जपून वापरावं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात होतं, २६.४ टक्के. इन्शुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने भुकेची वाट पाहत बसू नये. जेवण डॉक्टरने बांधून दिलेल्या वेळेलाच, जाणिवेचा भाग घासांपुरता. आणि जेवून उलटी काढणं, दिवसचे दिवस उपाशी राहणं असं काही चालू असेल तर खाणावळीतले प्रयोग नकोत. आधी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत ओपीडी आहे.

सोमवारी बरीच गिऱ्हाइकं शिवराक (शाकाहारी) जेवतात, त्या दिवशी तोंडाक (कडधान्याची आमटी) बरं असतं आणि गर्दीही कमी. सोमवार रीत म्हणून पाळणं वेगळं, रविवारच्या तळलेल्या मोरी माशाची भरपाई म्हणून पाळणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात मंगळवारी ताट दुप्पट होतं. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी असते, तेव्हा थाळीत नदीची मासळी, खुबे (शिंपल्या) आणि सुकी मासळी जास्त. किसमूर तेव्हा दोनदा मागावी, देतात. उरलेला बांगडा बांधून देतात, कालवलेलं शीत नाही. डबा आपला न्यावा.