मोमा: छापील चित्रांना त्यांचं खरं माप परत देणारं म्युझियम

न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट, सगळे म्हणतात ते मोमा, हे न्यू जर्सीला मुलांकडे आलेल्या प्रत्येक आई-बाबांनी बघावं असं माझं ठाम मत आहे. टाइम्स स्क्वेअर, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, नायगारा हे सगळं व्हायलाच हवं. पण एक अख्खा दिवस राखून ठेवा आणि तो इथे घाला. घरात चित्रकलेच्या एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट परीक्षेला बसणारं नातवंड असेल तर त्याला बरोबर न्या.

मी सांगलीकडच्या एका हायस्कुलात निवृत्त होईपर्यंत चित्रकला शिकवली. आमच्यापर्यंत युरोपातली आधुनिक चित्रं पोचायची ती पुस्तकांतून, नाहीतर कुणीतरी आणून दिलेल्या जुन्या कॅलेंडरांतून. रंग थोडेफार इकडचे तिकडे व्हायचे, ते चालवून घेता येतं. पण छपाईत चित्राचं माप पूर्णपणे हरवतं. पुस्तकात व्हॅन गॉगही तळहाताएवढा आणि जॅक्सन पोलॉकही तळहाताएवढाच. मोमात फिरताना मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला असेल, तर प्रत्येक चित्र स्वतःच्या खऱ्या मापात समोर उभं होतं याचा.

साल्वादोर दालीचं वितळलेल्या घड्याळांचं १९३१ सालचं चित्र घ्या. पुस्तकात ते हमखास पानभर छापलेलं असतं, त्यामुळे मनात त्याचं भलंमोठं रूप बसलेलं. प्रत्यक्षात ते २४ बाय ३३ सेंटिमीटर आहे, म्हणजे झेरॉक्सच्या ए-फोर कागदापेक्षा जेमतेम मोठं. एवढ्याशा जागेत त्याने मुंग्यासुद्धा सुट्या सुट्या रंगवल्यात. उलट पिकासोचं १९०७ सालचं 'देमॉझेल द'आव्हिन्यों' आठ फूट उंच आहे. त्यातल्या पाच बायका आपल्यापेक्षा मोठ्या आहेत आणि वरून आपल्याकडे बघतात. ते चित्र पाहून त्याचे मित्रसुद्धा का हादरले, हे छापील प्रतीवरून कळणं अवघड आहे. पोलॉकचं 'वन: नंबर ३१, १९५०' तर सतरा फुटांहून लांब. कॅनव्हास जमिनीवर पसरून, त्याच्या कडेने फिरत त्याने वरून रंग ओतला. समोर उभं राहिलं की हाताच्या नव्हे, खांद्याच्या आणि कमरेच्या हालचाली दिसतात.

रस्ता असा धरा: सकाळी साडेदहाला दार उघडतं, तेव्हा हजर राहा आणि लिफ्टने थेट पाचव्या मजल्यावर जा. तिथे १८८० च्या दशकापासून १९४० च्या दशकापर्यंतची कला आहे. मग चौथा मजला, १९४० ते १९७० च्या दशकांचा, आणि त्यानंतर दुसरा, तिथपासून आजपर्यंतचा. खालून वर चढत गेलात तर पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत पाय आणि डोळे दोन्ही थकलेले असतात, आणि खरा खजिना तर तिथेच आहे.

सकाळी लवकर जाण्याचं दुसरं कारण म्हणजे 'स्टारी नाइट'. दुपारनंतर त्या चित्रापुढे फोन उंचावलेल्या हातांची भिंत असते. व्हॅन गॉगने ते जून १८८९ मध्ये सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना काढलं. ७४ बाय ९२ सेंटिमीटर, म्हणजे दोन हातांत सहज धरता येईल एवढं. त्याच्या जवळ जा, पहारेकरी अडवेपर्यंत जवळ जा. चंद्राभोवती आणि ताऱ्यांभोवती रंगाचा थर इतका जाड आहे की ब्रशच्या केसांनी पाडलेल्या सऱ्या मोजता येतात. आणि दोन फटकाऱ्यांच्या मध्ये कित्येक ठिकाणी कोरा कॅनव्हास तसाच दिसतो. त्याने तो भरलेला नाही. 'बाई, इथे पांढरं राहिलं' म्हणून घाबरणाऱ्या माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना एकेकाला बोलावून ही जागा दाखवावी असं मला वाटलं.

पण मला कुणी एकच चित्र निवडायला सांगितलं तर मी मातिसचं 'द रेड स्टुडिओ' निवडेन. १९११ सालचं, सहा फूट बाय सात फूट. मातिसने स्वतःची खोली रंगवली आहे: भिंत, जमीन, टेबल, खुर्ची, काटे नसलेलं एक उभं घड्याळ, सगळं एकाच तांबूस लाल रंगात बुडालेलं. टेबल-खुर्चीच्या कडा पिवळसर रेघांनी दाखवल्यात. लांबून वाटतं की लाल रंगावर बारीक ब्रशने आउटलाइन मारली आहे. जवळ गेलं की उलटं दिसतं. आधी त्याने भिंत निळी, जमीन गुलाबीसर, फर्निचर पिवळट असं रंगवलं होतं. मग सगळ्यावर लाल चढवला, आणि चढवताना रेघेपुरती जागा सोडत गेला. म्हणजे ती रेघ काढलेली नाहीच, राखलेली आहे. खालचा जुना रंग त्या फटीतून डोकावतो. इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रात मुलं आधी काळी आउटलाइन ठसठशीत मारतात आणि मग आतला रंग भरतात, ही सवय मोडताना शिक्षकांची दमछाक होते. या एका चित्रापुढे मुलाला दहा मिनिटं उभं करा. मी तिथे किती वेळ होते ते सांगता येणार नाही, मुलाचा फोन आला तेव्हा हलले.

मोंद्रियानचं 'ब्रॉडवे बूगी वूगी'ही असंच जवळून बघण्यासारखं. छापील प्रतीत ते पट्टीने आखून भरल्यासारखं गुळगुळीत दिसतं. प्रत्यक्षात पिवळ्या पट्ट्यांवर ब्रशचे ओरखडे आहेत, कडा किंचित हलल्यात. १९४० मध्ये युद्धातून निसटून हा साठीच्या पुढचा माणूस न्यूयॉर्कला आला आणि इथल्या रस्त्यांनी आणि संगीताने त्याच्या चित्रांतल्या नेहमीच्या काळ्या रेघा पिवळ्या केल्या.

आता म्युझियमच्या जन्माबद्दल थोडं, कारण भिंतीवर काय आहे आणि काय नाही, हे त्यावरून उमगतं. मोमा तीन बायकांनी काढलं: अ‍ॅबी रॉकफेलर, लिली ब्लिस आणि मेरी सलिव्हन. ७ नोव्हेंबर १९२९ ला ते भाड्याच्या जागेत, एका इमारतीच्या बाराव्या मजल्यावर उघडलं. शेअर बाजार कोसळून दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते. पहिल्या प्रदर्शनात सेझान, गोगँ, सरा आणि व्हॅन गॉग. संचालक म्हणून नेमलेला आल्फ्रेड बार अवघा सत्तावीस वर्षांचा होता. अ‍ॅबीच्या नवऱ्याला ही कला मुळीच आवडत नसे. लिली ब्लिस १९३१ मध्ये वारली आणि जाताना आपला संग्रह म्युझियमला देऊन गेली, गरज पडल्यास त्यातली चित्रं देऊन दुसरी घेण्याची मुभा ठेवून. म्हणून तुम्हाला एक सुचवते: चित्राशेजारच्या पाटीवरची शेवटची ओळ वाचायला विसरू नका. 'देमॉझेल'खाली लिली ब्लिसचं नाव आहे, 'स्टारी नाइट'खालीही तिचंच. ही दोन्ही चित्रं तिने कधी विकत घेतली नव्हती. तिच्या मागे, तिच्या देणगीच्या बळावर ती आली. नाव मागे ठेवण्याची ही रीत मला फार आवडली.

बारने १९३६ मध्ये एका प्रदर्शनासाठी आधुनिक कलेचा तक्ता केला. वरून खाली साल, बाणांनी जोडलेले पंथ: सेझानकडून क्युबिझम (वस्तू भौमितिक आकारांत मोडून मांडणारा पंथ), तिथून पुढे अमूर्त कला. पिढ्यान्‌पिढ्या कलाशिक्षण याच बाणांवर चाललं, आमच्या ए.टी.डी.लाही (कलाशिक्षकांच्या पदविकेलाही) कलेचा इतिहास थोड्याफार फरकाने असाच शिकवला गेला. तक्ता सुटसुटीत आहे, लक्षात राहतो. पण त्यातले रस्ते बहुतेक पॅरिसला जातात, आणि युद्धानंतर तेच न्यूयॉर्कला येतात. मुंबई, लाहोर, मेक्सिको, लागोस इथेही त्याच काळात माणसं नव्याने चित्र काढत होती, ती या बाणांत बसत नाहीत.

म्युझियमलाही हे जाणवलं असावं. २०१९ मध्ये वाढीव इमारत उघडली तेव्हा मांडणी बदलली. पिकासोच्या 'देमॉझेल'च्या खोलीतच फेथ रिंगोल्ड या कृष्णवर्णीय चित्रकर्तीचं १९६७ सालचं 'डाय' हे बारा फुटी चित्र लावलं: रस्त्यावरचा वांशिक हिंसाचार, रक्ताचे शिंतोडे, एकमेकांना बिलगलेली दोन लेकरं. पिकासोचं युद्धातल्या संहारावरचं 'गेर्निका' १९८१ पर्यंत मोमातच होतं आणि रिंगोल्ड ते बघून शिकली होती, त्यामुळे ती जोडी ओढूनताणून केलेली नव्हती. मला असा शेजार आवडतो. आता मांडणी ठरावीक काळाने बदलत राहते. त्याचा तोटा असा की एखादं चित्र मनात धरून गेलात तर ते भिंतीवर असेलच असं नाही.

आणि याच कारणासाठी मी पाचऐवजी साडेचार स्टार देते. मोमाच्या संग्रहात आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं १९६२ सालचं एक चित्र आहे. नागपुरात जन्मलेले, गिरगावच्या चाळीत वाढलेले, जे.जे.त शिकलेले गायतोंडे. १९६४ मध्ये ते न्यूयॉर्कला आले ते अ‍ॅबीचा मोठा मुलगा जॉन रॉकफेलर तिसरा याच्या फंडाच्या शिष्यवृत्तीवर. म्हणजे या घराण्याशी, या शहराशी त्यांचं नातं जुनं आहे. २०१४ मध्ये इथल्याच गुगेनहाइम म्युझियमने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. मग मोमाने त्यांचं चित्र चौथ्या मजल्यावर, रॉथको आणि पोलॉक या अमेरिकी अमूर्त चित्रकारांच्या हाकेच्या अंतरावर, कायमचं का ठेवू नये? सुमारे दोन लाख कलाकृती आहेत आणि भिंती मोजक्याच, हे मान्य. तरी माझी ही मागणी आहे. जाण्याआधी मोमाच्या वेबसाइटवर गायतोंडेंचं नाव शोधा, चित्र सध्या लावलेलं आहे का ते तिथे दिसतं. नसेल तर माहितीच्या काउंटरवर मुद्दाम विचारा. विचारणारे वाढले पाहिजेत.

बाकी व्यवहाराचं. जर्सीहून ट्रेनने पेन स्टेशन, तिथून ई ट्रेनने फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू-५३ स्ट्रीट, वर आलं की म्युझियम जवळच. तिकीट ३० डॉलर, पासष्टीच्या पुढच्यांना २२, सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट. शुक्रवारी संध्याकाळी प्रवेश मोफत असतो, पण तो न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांना. जर्सीचा पत्ता चालत नाही. फ्लॅश न वापरता फोटो काढता येतात. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर विनामूल्य मिळते, मागायला संकोच करू नका. पाचव्या मजल्यावर मोनेच्या कमळांची खोली आहे, तीन कॅनव्हास मिळून जवळजवळ बेचाळीस फूट. मध्यंतर तिथे घ्या. याआधीचं मोनेचं मोठं चित्र १९५८ च्या आगीत जळालं, त्यानंतर हे आणलं गेलं.

निघण्याआधी खालच्या शिल्पांच्या बागेत चक्कर मारा, विशेषतः मुलं बरोबर असतील तर. पिकासोची ब्राँझची शेळी तिथे उभी असेल तर तिच्याभोवती पूर्ण फिरा. तिचं पोट म्हणजे वेताची टोपली, आचळं म्हणजे मातीची भांडी, पाठीचा कणा म्हणजे ताडाच्या झावळीचा देठ, आणि या सगळ्यावर प्लास्टर चढवून मग ब्राँझ ओतलेलं. शाळेत टाकाऊतून टिकाऊचा तास असतो ना, त्यासाठी यापेक्षा चांगला नमुना मला ठाऊक नाही. मुलांना आधी काही सांगू नका. टोपली कुठे आहे ते त्यांनाच शोधू द्या.