सिटेक्स्ट: काम चोख, पण जावाकडे लक्ष ठेवा

सिटेक्स्ट म्हणजे पोस्टग्रेस या डेटाबेसमधला, कॅपिटल आणि लहान अक्षरांत फरक न करणारा मजकुराचा प्रकार. एका क्लासची प्रवेशनोंदणी मी सांभाळते. गेल्या वर्षी ती मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवरून पोस्टग्रेसवर हलवली आणि पंधरा दिवसांत ऑफिसातून फोन आला, "मॅडम, एकाच मुलीच्या दोन पावत्या निघाल्यात."

मोबाइलचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपसूक कॅपिटल करतो. एका फॉर्मवर ईमेल कॅपिटल 'एस'ने, दुसऱ्यावर लहान. मायएसक्यूएलच्या नेहमीच्या कोलेशनला (अक्षरांच्या तुलनेच्या नियमांना) दोन्ही सारखेच, म्हणून तिथला युनिक इंडेक्स (एकच मूल्य दोनदा येऊ न देणारी सूची) दुसरी नोंद घेतच नव्हता. पोस्टग्रेसला ते दोन वेगळे पत्ते. चूक माझीच, पण देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही याचं त्या दिवशी फार बरं वाटलं.

लोअर() (सगळी अक्षरं लहान करणारं फंक्शन) लावून इंडेक्स करता आला असता. पण मग प्रत्येक क्वेरीत (डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात) लोअर() आठवणीने लिहा. एक विसरली की संपलं. म्हणून सिटेक्स्ट घेतलं. पोस्टग्रेसबरोबरच येतं, फुकट. १३व्या आवृत्तीपासून सुपरयूजरच्या (सगळे हक्क असलेल्याच्या) हातापाया पडावं लागत नाही, डेटाबेसवर क्रिएटचा हक्क असला की पुरे. कॉलमचा प्रकार बदलायला गेले तर युनिक इंडेक्स अडून बसला, कारण दुहेरी नोंदी आत होत्याच. त्या निस्तरण्यात एक रविवार गेला. बदल मात्र क्षणात झाला.

सोमवारी लॉगिन बंद! पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसच्या कमांड-लाइनवर) तीच क्वेरी बरोबर चालत होती, जावा प्रोग्रॅममधून एकही ओळ येत नव्हती. जेडीबीसी (जावाला डेटाबेसशी जोडणारा दुवा) मजकुराचा पॅरामीटर, म्हणजे क्वेरीत भरायचं मूल्य, व्हारकॅर या साध्या मजकूर-प्रकारात पाठवतं. मग सिटेक्स्ट निमूटपणे साधं टेक्स्ट होतं आणि तुलना पुन्हा लहान-मोठं बघून होते. एरर नाही, वॉर्निंग नाही. क्वेरीत पॅरामीटरच्या जागी असलेल्या प्रश्नचिन्हापुढे '::सिटेक्स्ट' जोडलं आणि सुटले. कनेक्शनच्या पत्त्यात 'स्ट्रिंगटाइप=अनस्पेसिफाइड' टाकूनही भागतं, पण त्याने सगळ्याच क्वेऱ्यांवर परिणाम होतो, म्हणून मी टाळलं.

दर तुलनेला आतून लोअर()च चालतं, तेव्हा टेक्स्टपेक्षा हे थोडं हळू. आमच्या काही हजार नोंदींत ते जाणवतसुद्धा नाही. लाइकसुद्धा (मजकुराचा तुकडा देऊन शोधायची सोय) लहान-मोठं बघत नाही, ऑफिसातल्या ताईंना शोधायला तेच हवं होतं. १२व्या आवृत्तीपासून नॉनडिटरमिनिस्टिक कोलेशनचा (लहान-मोठं सारखं मानू शकणाऱ्या नियमांचा) पर्याय आहे खरा, पण त्यावर लाइक १८व्या आवृत्तीत चालू झालं आणि आमचा सर्व्हर अजून १५वर आहे.

पाचपैकी चार. कापलेला एक त्या सोमवारचा.