डोंगरफुलांच्या चांदीच्या नाण्यांचा सेट: एडलवाइस डोळे मिटून विकत घ्या, जेन्शियन आधी भिंगातून बघा

तीन नाण्यांचा सेट आहे, एडलवाइस, जेन्शियन आणि प्रिम्युला, तिन्ही उंच डोंगरावरची रानफुलं. 999 ची म्हणजे 99.9 टक्के शुद्ध चांदी, प्रत्येक नाणं एक ट्रॉय औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, प्रूफ फिनिश. माझ्याकडे येऊन दीड वर्ष झालं आणि एवढे दिवस थांबूनच लिहितेय, कारण नवीन नाणं बॉक्स उघडल्या उघडल्या बघितलं की सगळंच भारी वाटतं, खरं काय ते नंतर हळूहळू कळतं.

एडलवाइसपासून सुरू करते कारण या एका नाण्यासाठी मी पूर्ण सेट परत घेईन. त्यावर रंगच नाही, एक ठिपकासुद्धा नाही, आणि तेच बरोबर आहे. हे फूल ज्यांनी जवळून बघितलंय किंवा नीट फोटो बघितलेत त्यांना माहीत असेल की आपण जिला पांढरी पाकळी समजतो ती पाकळी नसतेच, ती फुलाभोवतीची पानं असतात, त्यांच्यावर दाट पांढरी लव असते आणि खरी फुलं म्हणजे मधे जे बारीक पिवळसर गोंडे दिसतात ती. ती लव कशासाठी तर वरच्या कोरड्या वाऱ्यापासून आणि कडक उन्हापासून वाचायला. आता प्रूफ नाण्यात काय करतात, तर डायचा, म्हणजे छाप मारायच्या साच्याचा, सपाट भाग आरशासारखा घासून चकचकीत करतात आणि चित्राचा भाग बारीक खरखरीत ठेवतात, मग कोरी चकतीसुद्धा पॉलिश करून तिच्यावर एकापेक्षा जास्त वेळा छाप मारतात, त्यामुळे चित्र धुरकट पांढरं उठतं आणि मागचा भाग अंधारा आरसा दिसतो. म्हणजे प्रूफ नाण्यावरचं ते धुरकट पांढरं आणि एडलवाइसची लव ही जवळजवळ एकच गोष्ट झाली! दिवा बाजूने तिरपा ठेवून बघा, पानाच्या टोकाला लव विरळ होत जाते तेसुद्धा कोरलंय, मी दहा पट भिंगातून बघत किती वेळ बसले मलाच कळलं नाही.

जेन्शियनचं मात्र दुःख आहे. हे फूल म्हणजे निळा रंग, गडद, खोल, कर्ण्यासारखा आकार आणि त्या कर्ण्यात तळापर्यंत उतरत जाणारा निळा. चांदीत निळा कुठून आणणार, म्हणून रंग छापलाय. पॅड प्रिंटिंग नावाची पद्धत असते, सिलिकॉनच्या मऊ गादीवर शाई उचलायची आणि नाण्यावर दाबायची, गादी मऊ असल्यामुळे ती उंचसखल भागावर पण नीट बसते, आणि ती चांगली केली तर खरंच सुंदर दिसते. इथे तसं केलेलं वाटत नाही, भिंगाखाली सरळ ठिपके दिसतात, छापील फोटोत दिसतात तसे. त्याहून वाईट म्हणजे रंग छापायचाय म्हणून फुलाचा उठाव खूपच कमी ठेवलाय. रंग काढून टाकला असं मनात धरलं तर खाली जवळपास सपाट चांदी राहते, फूल राहतच नाही. आणि या जातीच्या फुलाच्या गळ्यात आतल्या बाजूला हिरवट ठिपके असतात, तीच तर त्याची ओळख, ते इथे गायब आहेत, आत सगळा एकसारखा निळा भरून टाकलाय. ज्याने हे फूल प्रेमाने बघितलंय त्याने हे सोडलं नसतं.

मग मी माझ्याकडचा ऑस्ट्रियाचा एक सेंट काढून शेजारी ठेवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ऑस्ट्रियाच्या युरो नाण्यांपैकी सगळ्यात छोट्या तिन्ही नाण्यांवर आल्प्समधली फुलंच आहेत, 1 सेंटवर जेन्शियन, 2 सेंटवर एडलवाइस आणि 5 सेंटवर आल्पाइन प्रिम्युला, डिझाइन योझेफ कायझर यांचं, 2002 पासून चलनात. युरोच्या आधी त्यांचं चलन शिलिंग होतं, त्यातल्या 1 शिलिंगच्या नाण्यावर पण एडलवाइसच होतं. तर हा 1 सेंट 16.25 मिलिमीटरचा, वजन 2.3 ग्रॅम, आत लोखंड म्हणजे पोलाद आणि वरून तांब्याचा मुलामा, चुंबक लावला की टपकन चिकटतो. ना चांदी, ना प्रूफ, ना निळा रंग. तरी त्यावरचं जेन्शियन बघताक्षणी ओळखू येतं कारण तिथे सगळं काम आकारावर सोडलंय, रंगाच्या भरवशावर काही ठेवलेलं नाही. माझ्या मते फुलांच्या नाण्यात हीच परीक्षा आहे, धातूला त्या फुलातलं काय जमतं ते कोरणाऱ्याने आधी ओळखायला पाहिजे.

प्रिम्युलाला यांनी तिसराच मार्ग काढलाय, पाकळ्यांवर सोन्याचा पातळ मुलामा. पिवळ्या फुलासाठी ही युक्ती मला पटली. पाकळीचा मऊपणा त्यात येत नाही, चमक जरा जास्त आहे, पण सोनं काळं पडत नाही आणि छापलेल्या ठिपक्यांपेक्षा हजार पटीने बरं. पानं मात्र चांदीतच ठेवलीत आणि तेही विचार करून, कारण या प्रिम्युलाच्या पानांवर पिठासारखी पांढरी भुकटी असते आणि ती इथे धुरकट फिनिशमधे आपोआप आलीय. प्रिम्युला ऑरिक्युला या लॅटिन नावातला ऑरिक्युला म्हणजे छोटा कान, पानाच्या आकारावरून, आणि नाण्यावर ती कानासारखी जाडसर वळलेली पानं हातभर अंतरावरूनसुद्धा जाणवतात.

आता तक्रार. साधारण आठव्या महिन्यात जेन्शियनच्या मागच्या बाजूला, अगदी आरशासारख्या भागात, दुधाचा थेंब सुकल्यासारखे दोन पांढरट डाग उठले. संग्राहक याला मिल्क स्पॉट म्हणतात, शुद्ध चांदीच्या नाण्यांत हा जुना त्रास आहे, आणि बहुतेक जाणकार सांगतात की छाप मारायच्या आधी चकती धुताना राहिलेला रसायनाचा अंश नंतर असा वर येतो. म्हणजे मी कॅप्सूल, म्हणजे नाण्याची प्लास्टिकची बंद डबी, उघडलेली नसताना, हात लावलेला नसताना हे झालं. विकणाऱ्यांना फोटो पाठवले तर उत्तर आलं की परत करायची मुदत संपली. मुदत संपली हे खरंय, पण डागच मुदतीनंतर उठतात त्याला ग्राहकाने काय करायचं, हे मला अजूनही लागतं. कृपा करून असे डाग पुसायला जाऊ नका. प्रूफचा आरसा इतका नाजूक असतो की मऊ कापडानेसुद्धा केसासारखे ओरखडे येतात आणि ते कायमचे.

बॉक्स लाकडी आहे, छान आहे, पण नाणी त्याच्यातच ठेवायची तर जरा जपून, लाकूड आणि गोंद यांच्या वाफेने चांदी लवकर काळवंडू शकते. हवेतल्या गंधकामुळे चांदीवर सल्फाइडचा थर येतो, तो आधी पिवळसर, मग तपकिरी, मग काळा. मी तिन्ही नाणी त्यांच्या कॅप्सूलसकट हवाबंद डब्यात ठेवलीत, सोबत सिलिका जेलची पुडी. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात तर अजिबात नको, त्यातून हिरवट चिकट थर सुटतो. हातात घ्यायचंच असेल तर कडेने धरा, खाली मऊ टॉवेल अंथरून.

सर्टिफिकेटवर मिंटेजचा, म्हणजे अशी किती नाणी पाडली त्याचा, आकडा छापलाय आणि लोक तो बघून गुंतवणूक म्हणून घेतात, तिथे थोडं थांबा. तो आकडा जास्तीत जास्त किती पाडता येतील याचा असू शकतो, प्रत्यक्षात किती विकली गेली ते वेगळं. आणि पुढे विकताना पुष्कळ वेळा चांदीच्या वजनाच्या किमतीपलीकडे फारसं मिळत नाही, सुंदर डिझाइनसाठी दिलेले जादाचे पैसे हे फूल आवडलं म्हणून दिले असं धरूनच द्यावेत. मी तसेच दिले आणि एडलवाइसपुरते ते मला शंभर टक्के पावले.

सुटी नाणी मिळत असतील तर एडलवाइस आणि प्रिम्युला घ्या. जेन्शियन हवंच असेल तर आधी विचारा की रंग न छापलेली, खोल उठावाची आवृत्ती आहे का, आणि फोटो मागताना समोरून नको, बाजूने दिवा टाकून काढलेला मागा, उठाव किती आहे ते त्यातच दिसतं.