मिग मशीन, नऊ महिन्यांनंतर: झाकणावरचा तक्ता आणि आमची वही

गेल्या खंडेनवमीला बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) आमच्या शेडमध्ये २०० अँपिअरचं सिंगल फेज मिग मशीन आलं, म्हणजे रिळावरची वायर गनमधून आपोआप पुढे येणारं वेल्डिंग. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि दसऱ्यानंतर लगेच कामाला जुंपलं. त्याआधी वडिलांच्या काळापासून आमच्याकडे रॉडचंच वेल्डिंग होतं. आता आषाढ लागलाय, १५ किलोची अकरा रिळं संपलीत, तेव्हा लिहायला हरकत नाही.

मशीन चांगलं आहे. घेतल्याचा पश्चात्ताप नाही. पण झाकणाच्या आतल्या बाजूला कोणत्या जाडीला कोणतं सेटिंग याचा जो तक्ता चिकटवलेला असतो, त्यावर डोळे मिटून विसंबलो म्हणून पहिले दोन महिने वाया गेले.

रॉडवाल्यांना आधी एक सवय मोडावी लागते. आपण अँपिअर लावतो आणि रॉड चालवतो. इथे अँपिअरची वेगळी खुंटी नाही. वायर जितक्या वेगाने पुढे येईल तितका करंट मशीन ओढतं, आणि व्होल्टेजवर आर्कची, म्हणजे वायर आणि लोखंड यांच्यातल्या विजेच्या झोताची, लांबी ठरते. व्होल्टेज कमी पडलं तर बीड (सांध्यावरची झाळेची रेघ) दोरीसारखी उंच बसते, जास्त झालं तर पसरट होते आणि कडेला खाच पडते. म्हणून जाडी बघून वायरचा वेग लावायचा आणि व्होल्टेज त्याच्यामागून जुळवायचं. हे उलट्या क्रमाने केलं की दिवसभर खुंट्याच फिरवत बसावं लागतं.

पहिल्या आठवड्यात शिंतोडे इतके उडत की नोजल दर दहा मिनिटांनी साफ करावं लागे. वायर जॉबला (जोडायच्या लोखंडाला) ठोकरून गन मागे ढकलायची. आमच्याकडे एक वयस्कर गुजराती कारागीर आहेत, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. ते हेल्मेट न घालता पाठमोरे उभे राहिले आणि म्हणाले, "भाई, पहेलां अवाज सांभळो." मी ऐकलं. फोडणीत मोहरी तडतडावी तसा तुटक आवाज येत होता. नीट चालणारी आर्क जाड कापड टरकावल्यासारखी एकसारखी चर्रर्र वाजते. कारण सापडलं ते साधं होतं. हवेपासून सांधा वाचवायला गनमधून गॅस सोडतात; मशीनवर तो 'मिक्स' म्हणून निवडलेला होता आणि मागे सिलिंडर शुद्ध सीओटूचा. ८० टक्के आरगॉन, २० टक्के सीओटू अशा मिक्सपेक्षा सीओटूला साधारण एक ते दोन व्होल्ट जास्त लागतात. तेवढं वाढवलं आणि आवाज जागेवर आला.

त्या दिवसापासून वही सुरू केली. ०.८ मिमी वायर, सीओटू, साधं लोखंड, वायर गनच्या टिपेपासून १० ते १२ मिमी बाहेर. ढोबळ हिशेब एक मिमीला ४० अँपिअर असा धरतो. १६ गेजच्या, म्हणजे १.६ मिमीच्या पाइपला ७० अँपिअर, साडेसतरा व्होल्ट, वायर मिनिटाला साडेतीन मीटर. ३ मिमीच्या अँगलला १२० अँपिअर, साडेएकोणीस व्होल्ट, वायर सहा मीटर. ५ मिमीच्या फ्लॅटला हिशेबापेक्षा कमी, १६० च्या आसपास, आणि २२ व्होल्ट. त्याहून जास्त जाडीला मात्र हा गुणाकार सोडूनच देतो. तिथे कड तासून व्ही काढायची आणि दोन-तीन थर द्यायचे, कारण २०० अँपिअरच्या मशीनला एका दमात १० मिमी जोडायला लावण्यात अर्थ नाही. हे आकडे आमच्या मशीनचे आहेत. तुमच्याकडे अर्धा-एक व्होल्ट इकडेतिकडे होईल.

पातळ पाइपची खरी परीक्षा उत्तरायणाच्या आधी झाली. डिसेंबरात बडोद्यात गच्चीच्या कठड्यांची घाई सुटते, कारण १४ जानेवारीला सगळं शहर पतंग घेऊन गच्चीवर असतं. २० गेज म्हणून आणलेला पाइप व्हर्नियरने मोजला तर ०.९ ऐवजी ०.८ भरला. एक दशांशाचा फरक कागदावर काहीच नाही, पण तिथे भोक पडतं. तेव्हापासून पाइप आला की गेज विचारत नाही, मोजतो. त्या पाइपला ४५ अँपिअर, १६ व्होल्ट लावून सलग न चालता ठिपक्यावर ठिपका ठेवत गेलो, गन वरून खाली आणली आणि फट मोठी असेल तिथे मागे तांब्याची पट्टी धरली. तांब्याला झाळ चिकटत नाही आणि उष्णता ते ओढून घेतं. गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर सांध्यावरचं जस्त आधी ग्राइंडरने काढा. जस्त ९०७ अंशांनाच उकळतं, लोखंड वितळायला १५०० च्या आसपास लागतं, म्हणजे लोखंड वितळायच्या आत जस्ताची वाफ झालेली असते. त्या पांढऱ्या धुराने सांध्यात छिद्रं पडतात आणि रात्री माणसाला थंडी वाजून ताप भरतो. आमच्या हेल्परला एकदा भरला होता. आता मास्क आणि उघडं शटर, दोन्ही असल्याशिवाय त्या पाइपला हात लावू देत नाही.

पण भोक निदान दिसतं. न दिसणारी चूक त्याच कठड्यांत झाली. खांब १६ गेजचे आणि तळाची प्लेट ६ मिमीची. पाइप जळू नये म्हणून मी सेटिंग पाइपाचंच ठेवलं. बीड अशी देखणी आली की फोटो काढले. टेंपोत चढवताना एक खांब फाळक्याला आपटला आणि प्लेटपासून सुटून हातात आला. वाकून पाहिलं तर पाइपाच्या बाजूला झाळ घट्ट होती आणि प्लेटच्या बाजूला ती नुसती टेकलेली. प्लेटचा निळा-काळा पापुद्रा खाली जसाच्या तसा होता, नखाने खरवडावा इतका कोरडा. झाळ आत शिरलीच नव्हती. गच्चीवर मुलं त्या कठड्याला रेलून ढील देणार होती. सगळे अठ्ठावीस खांब उतरवले आणि नव्याने केले.

तेव्हापासून असमान जाडीला प्लेटवरचा पापुद्रा काढून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासतो, करंट १२० ते १३० ठेवतो आणि आर्क प्लेटवर धरून पाइपाला फक्त चाटून नेतो. प्रत्येक नव्या जोडीचा एक तुकडा शिकंज्यात धरून हातोड्याने वाकवतो, दुसरा आडवा कापून पाहतो. पंधरा मिनिटं जातात. जाऊ देत.

मशीनच्या तक्रारी थोड्या आहेत. सोबतचा अर्थिंगचा (जॉबला लावायचा) चिमटा कमजोर होता, तापायचा आणि आर्क थरथरायची. आम्ही जड पितळी लावला. दुपारी लाइनचं व्होल्टेज उतरतं, त्यात बारीक वायरीचा एक्स्टेंशन बोर्ड असेल तर सकाळचं सेटिंग चालत नाही, म्हणून मशीनला जाड केबलचं स्वतंत्र कनेक्शन दिलं. मे महिन्यात मशीन तापल्याचा पिवळा दिवा वारंवार लागला. पाटीवरचं ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, आणि तेही ४० अंश तापमान धरून. पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्तच असतं. जाड काम सकाळी नऊच्या आत उरकायला लागलो. पंखा मशीनच्या मागे ठेवा, सांध्यावर नको, नाहीतर मिनिटाला १२ लिटर गॅस सोडूनही तो उडून जातो आणि बीड जाळीदार होते.

सध्या पावसाची काळजी आहे. वायरवर तांब्याचा पातळ मुलामा असतो, पण दमट हवेत आठवडाभर मशीनमध्येच राहिलं तर रीळ गंजतं, लायनरमध्ये (वायर गनपर्यंत नेणाऱ्या नळीत) भुकटी साचते आणि वायर अडखळते. म्हणून संध्याकाळी रीळ काढून जाड पिशवीत बांधतो. वही मशीनच्या दांड्याला सुतळीने बांधली आहे. काल तीत काकांनी गुजरातीत स्वतःची एक ओळ लिहिली: ५ मिमी, उभा सांधा, खालून वर, १८ व्होल्ट. आज तुकड्यावर करून पाहिला, कापला, मुळापर्यंत भरला होता.