कडकनाथ सांगून क्रॉस (मिश्र जातीची) पिल्लं आणि कोरी (पिल्लू न निघणारी) अंडी विकली, घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

कडकनाथची पिल्लं किंवा उबवायची अंडी ऑनलाइन मागवायचा विचार असेल तर पैसे पाठवायच्या आधी पाच मिनिटं काढून हे वाचा. लांब झालंय पण मुद्दाम सगळं लिहिलंय, कारण ज्याने आम्हाला फसवलं तो माणूस अजून विकतोय, फक्त नंबर आणि नाव बदललंय.

आमच्याकडे सिन्नर भागात घरामागे गावरान कोंबड्या सासूबाईंच्या वेळेपासून आहेत, त्यामुळे खुराडं, खाद्य, लस यातलं काही नवीन नव्हतं. कडकनाथ मला फार वर्षांपासून आवडतो. काटक पक्षी, पिसांपासून कातडी, जीभ, पायांपर्यंत काळा, चाल रुबाबदार, उन्हात उभा राहिला की काळ्या पिसांवर हिरवी झाक येते. मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर, धार पट्ट्यातला, भिल्ल-भिलाला लोकांनी सांभाळलेला, तिकडे त्याला कालीमासी म्हणतात. त्या लोकांनी पिढ्यानपिढ्या राखलेली जात आणि इकडे कुणीही उठून काळं दिसणारं काहीही त्याच नावाने खपवतंय, पैसे गेले त्यापेक्षा मला याचा राग जास्त आहे.

तर हा हॅचरीवाला. व्हिडिओत शेड, निळी ताडपत्री, काळेभोर कोंबडे, सगळं व्यवस्थित. फोनवर बोलणं एकदम गोड, "ताई, झाबुआचं ओरिजिनल ब्रीड आहे, सर्टिफिकेटसकट देतो, दोन पैसे जास्त घेतो पण माल चोख". आणि खरंच सर्टिफिकेटचा फोटो पाठवला, जीआय टॅगचा, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा. हे नीट समजून घ्या. झाबुआच्या कडकनाथला २०१८ ला जीआय मिळाला हे खरं आहे, पण तो त्या भागातल्या कडकनाथच्या मांसाला आहे. तुमच्या खोक्यातलं पिल्लू शुद्ध आहे असं तो कागद कुठेच सांगत नाही, आणि तो फोटो नेटवरून कुणीही काढू शकतो. हे मला सगळं प्रकरण झाल्यावर एका जाणकाराने सांगितलं.

एक महिना वयाची ५० पिल्लं १८० रुपयांप्रमाणे आणि ३० फर्टाइल (उबवायची) अंडी ५० रुपयांप्रमाणे ठरली, म्हणजे साडेदहा हजार आणि पार्सलचे वेगळे. मरेक्सची (कोंबड्यांचे पाय लुळे पाडणारा आजार) लस टोचलीय का विचारलं तर "हो ताई, पहिल्याच दिवशी" असं चॅटवर लिहून दिलं. अर्धे पैसे आधी, बाकीचे माल गाडीत चढवल्याचा फोटो आल्यावर. वर स्वतःहून म्हणाला की पुढे तुमची अंडी मीच ४० रुपयाला परत घेईन.

आधी अंड्यांचं सांगते. कडकनाथ कोंबडी सहसा खुडूक (अंडी उबवायला) बसत नाही, म्हणून अंडी उबवणीच्या मशीनमध्ये नाहीतर गावरान खुडूक कोंबडीखाली ठेवावी लागतात. मी थोडी दोन गावरान कोंबड्यांखाली ठेवली आणि उरलेली छोट्या मशीनमध्ये, तापमान ३७.५, पाण्याची वाटी भरलेली, दिवसातून तीन-चार वेळा फिरवणं, सगळं वेळच्या वेळी. त्याच मशीनमध्ये आमच्या गावरानची आठ अंडी पेन्सिलने खूण करून ठेवली होती. सातव्या रात्री लाइट बंद करून टॉर्चवर बघितलं. आमच्या अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये हलणारा काळा ठिपका. त्याच्या अंड्यांत काहीच नाही, नुसता पिवळा उजेड आरपार, आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी सात दिवसांच्या मानाने खूपच मोठी, म्हणजे अंडी आधीच बरीच शिळी होती. कोंबड्यांखालच्यांची तीच गत. फोडून बघितली तर बलक जसाच्या तसा, रक्ताचा टिपूस नाही.

फोन केला तर म्हणे गाडीत हलली असतील, नाहीतर तुमची मशीन खराब. आता प्रवासात धक्के बसून अंडी खराब होतात हे खरंय, पण मग निदान काही अंड्यांत तरी वाढ सुरू होऊन थांबल्याची रक्ताची कडी दिसते, एकूण एक अंडं स्वच्छ कोरं निघत नाही. आणि मशीन खराब होती तर आमच्या आठातली सात पिल्लं एकविसाव्या दिवशी बाहेर कशी आली? ती अंडी कोंबडा न लागलेल्या कोंबड्यांची होती, खायची अंडी ५० रुपयाला विकली, सरळ हिशोब आहे. रंग आणि आकारावरूनही शंका घेता येते, कडकनाथचं अंडं लहानसं आणि फिकट बदामी असतं, आमच्याकडे आलेली सगळी एका मापाची, जाड, गडद तपकिरी. (कडकनाथचं अंडं काळं असतं असं सांगून विकणारेही आहेत, ते तर सरळ खोटं.) उबवायची अंडी आली की एक फोडून बशीत घ्या. बलकावरच्या पांढऱ्या ठिपक्याभोवती स्पष्ट गोल कडी असेल तर फलित, नुसता लहान घट्ट ठिपका असेल तर कोरं.

पिल्लं मात्र आली तेव्हा सगळी काळी होती. इथेच खरी मेख आहे, कडकनाथचा हा काळेपणा क्रॉसमध्येही उतरतो, त्यामुळे कडकनाथ कोंबडा आणि साधी कोंबडी यांची पिल्लं लहानपणी काळपटच दिसतात. तीन महिन्यांनी काहींच्या मानेवर तांबूस पिसं आली. विचारलं तर "ताई ती गोल्डन व्हरायटी आहे, लोक शोधत येतात". गोल्डन असते, पेन्सिल्ड असते, पूर्ण काळी असते, तिन्ही खऱ्या आहेत, म्हणून तर हे उत्तर पटण्यासारखं वाटतं. पण फरक फक्त पिसांत असतो, कातडी, जीभ, पाय तिन्हींत काळेच. मी एकेक पक्षी धरून सकाळच्या उजेडात चोच उघडून बघितली. जिभेचं टोक गुलाबी. टाळू गुलाबी. पंखाखालची पिसं फुंकर मारून बाजूला केली तर कातडी पांढरट, तळपाय पिवळे. ५० मधले जेमतेम सहा-सात सोडले तर सगळे असेच. नुसत्या तुऱ्यावर जाऊ नका, शुद्ध कोंबड्याचाही तुरा कधी जांभळट-लालसर असतो. जीभ, टाळू, पंखाखालची कातडी आणि तळपाय बघा.

मग लंगडणं सुरू झालं. एक पाय पुढे ताणलेला आणि एक मागे, तसेच पडून राहायचे, खायला जवळ नेलं तर खायचे पण उठता यायचं नाही. फार वाईट वाटायचं बघून. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले लक्षणं मरेक्सची आहेत आणि यावर औषध नाही. ही लस अंड्यातून बाहेर पडल्या पडल्या हॅचरीतच द्यायची असते, लासोटा किंवा गंबोरोच्या लसीसारखी नंतर घरी देऊन भागत नाही, म्हणजे इथे विकणाऱ्याच्या शब्दावरच सगळं असतं. बिलावर लसीचं नाव, तारीख आणि बॅच नंबर लिहून मागा, जो देत नाही त्याच्याकडून घेऊच नका. आमच्या गावरानच्या पिल्लांना मी वेगळ्या खुराड्यात हलवलं तरी त्यातली दोन गेली.

अंडी परत घेण्याचं तर नावच नको. २०१९ ला सांगली-इस्लामपूर भागातलं कडकनाथचं प्रकरण आठवत असेल, महागात पक्षी द्यायचे आणि अंडी-पक्षी चढ्या भावाने परत घेतो म्हणायचं, त्यात केवढे शेतकरी बुडाले. तरी तेच वाक्य अजून चालतंय. जो ४० रुपयाला अंडं घेणार तो ते पुढे कुणाला विकतो हे विचारा, हॉटेलचं नाव, दुकानाचं नाव, काहीतरी सांगता आलं पाहिजे. आमच्या माणसाने विषय बदलला आणि कडकनाथ खाल्ल्याने कोणकोणते आजार बरे होतात ते सांगत बसला.

शेवटी त्याने ब्लॉक केलं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, चॅट, पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि जिभांचे फोटो जोडलेत, ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला पण नोंद केलीय. पैसे अजून आलेले नाहीत. १९३० ला फोन करायचा तर पैसे गेल्या गेल्या करा, उशीर झाला की बँकेत रक्कम अडवणं अवघड होतं. शुद्ध पिल्लंच हवी असतील तर झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राची स्वतःची कडकनाथ हॅचरी आहे, तिथे विचारा, थांबावं लागलं तरी चालेल. मीही आता तिथेच विचारणार आहे.

आणि ती निळ्या ताडपत्रीची शेड मला मागच्या आठवड्यात दुसऱ्या नावाने परत दिसली, भाव आता २०० झालाय. अशा कुणाशीही बोलणं झालं तर फोटो नका मागू, व्हिडिओ कॉलवर तुम्ही सांगाल तो पक्षी धरून चोच उघडायला सांगा.