चौथी सीट कोणाच्या सिद्धांतात बसते?

समाजशास्त्राच्या एम.ए.ला लघुप्रबंध लिहिणारं कोणी ना कोणी दर वर्षी मला विचारतंच, की चौकट कोणाची घेऊ? विषय ठरलेला असतो. लग्नातले मानपान, गावातली एखादी रूढी, सोसायटीतले अलिखित नियम. गाडी अडते ती दुसऱ्या प्रकरणावर. तिथे 'असे नियम मुळात तयार कसे होतात' याचं उत्तर देण्यासाठी कोणाचं तरी बोट धरावं लागतं. मी एक बोट धरून, सोडून, दुसरं धरलेलं आहे. म्हणून हा खटाटोप. तुमचा विषय वेगळा असेल, तर माझं म्हणणं थोडं मीठ-मसाला कमी करून घ्या.

माझा विषय होता लोकलमधली चौथी सीट. मुंबईबाहेरच्यांसाठी सांगतो: सेकंड क्लासचं बाक तिघांचं असतं, पण कोणी "सरका जरा" म्हटलं की तिघं आत सरकतात आणि चौथा टेकतो. टेकतो म्हणजे अर्धाच. उरलेला अर्धा माणूस बाकाबाहेर. रेल्वेच्या कुठल्याही नियमात हे नाही. तिघांचं नुकसान, चौथ्याचाही फायदा बेताचा, आणि तरी डोंबिवली ते सीएसएमटी मी वर्षानुवर्षं हे रोज बघतो. नोकरी सांभाळून बाहेरून एम.ए. करणाऱ्याला याहून जवळचं क्षेत्रकार्य कुठलं मिळणार?

सुरुवात सगळ्यांसारखीच फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमपासून केली. दुर्खीम वाचताना एक समाधान मिळतं, ते नाकारत नाही. १८९५ मध्ये त्याने सांगितलं, की सामाजिक तथ्यं व्यक्तीच्या बाहेर असतात आणि व्यक्तीवर दाब आणतात. चौथी सीट नाकारून खिडकीबाहेर बघत बसलेल्या माणसाच्या मानेवर तो दाब मी प्रत्यक्ष पाहिला आहे. नियम आपल्यात नसून आपल्याभोवती असतो, ही गोष्ट त्याच्याइतकी ठाम कोणी सांगितली नसेल.

पण मुलाखती सुरू झाल्या आणि कंटाळा यायला लागला. मी विचारायचो, "चौथी सीट का देता?" उत्तर यायचं, "पद्धत आहे." दुसऱ्याला विचारलं, "तशी पद्धतच आहे." तिसरा जरा शिकलेला होता, तो म्हणाला, "मुंबईचं कल्चर आहे." तीसेक मुलाखती झाल्या, वही भरली, हाती तीन शब्द. मग मी प्रकरण लिहिलं, की चौथी सीट प्रवाशांमधलं ऐक्य टिकवते. मार्गदर्शकांनी ते वाचून एकच प्रश्न विचारला, "फर्स्ट क्लासला चौथी सीट मागितली तर काय होतं?" मी म्हटलं, माझ्या गाडीत तरी लोक वर मान करून बघतात, सरकत नाहीत. "मग न देण्याने काय टिकतं?" मी म्हटलं, "तिथलं ऐक्य." ते हसले. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत ते हसू डाचत राहिलं.

माझं ठरलं ते या एका गोष्टीवर. सीट दिली तरी ऐक्य, नाही दिली तरी ऐक्य. कुठलीही रूढी घाला, यंत्रातून तेच पीठ बाहेर येतं. मला डब्यातल्या माणसाने "पद्धत आहे" सांगितलं होतं आणि मी वीस पानं खर्चून तेच परीक्षकांना सांगणार होतो.

इथे दुर्खीमवर थोडा अन्याय होतोय, हे कबूल करतो. त्याच १८९५ च्या पुस्तकात त्याने बजावलं आहे, की एखादी गोष्ट कशाला उपयोगी पडते हे दाखवलं म्हणजे ती आली कुठून हे सांगितलं असं होत नाही. ही ताकीद पुढे पातळ झाली ती अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पार्सन्सच्या काळात, आणि आपल्याकडच्या परीक्षेच्या गाइडांत तर ती पार गळूनच गेली. तरीही मूळ दुर्खीम घेऊन डब्यात चढलात, तर नियम केव्हा मोडेल हे तो सांगत नाही. निदान मला तरी सापडलं नाही.

दुसरं बोट धरलं ते अपेक्षांवर बोलणाऱ्यांचं. यांचा उगम तत्त्वज्ञानात आणि गेम थिअरीत (दुसरा काय करेल याचा अंदाज घेऊन माणूस काय ठरवतो, याचं गणित) आहे, म्हणून आपले विद्यार्थी बिचकतात. डेव्हिड लुईसने १९६९ मध्ये संकेतांची मांडणी केली: रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायचं की उजव्या, यात कोणाचं काही जात नाही, सगळ्यांनी एकच बाजू धरली की झालं. चौथ्या सीटला हे लागू पडत नाही, कारण इथे तिघांचं जातं. एदना उलमान-मार्गालितने १९७७ मध्ये ही अडचण बरीच सोडवली. काही नियम नुसता ताळमेळ बसवतात, काही प्रत्येकाला स्वतःपुरतं बघण्यापासून अडवतात, आणि काही चक्क विषमता राखायला असतात, असं वर्गीकरण तिने केलं. मला हात दिला तो मात्र क्रिस्तिना बिक्किएरीच्या २००६ च्या मांडणीने. तिचं म्हणणं सोपं आहे. माणूस नियम पाळतो तो दोन अटींवर: इतर बरेच जण पाळतात असं त्याला वाटलं पाहिजे, आणि आपणही पाळावा अशी इतरांची अपेक्षा आहे, नाही पाळला तर बोल लागेल, असंही वाटलं पाहिजे. अटी गेल्या की नियम गेला, माणूस तोच राहिला तरी.

मी प्रश्न बदलले. 'का देता?' काढून टाकला. त्याऐवजी विचारू लागलो, "या डब्यात दहांतले किती जण देतील असं वाटतं?" आणि "नाही दिली तर कोण काय म्हणेल?" लोक एकदम बोलायला लागले! "सकाळी आठ देतील, रात्री परतताना पाच." "ग्रुपवाले आपल्या माणसाला देतील, बाहेरच्याला नाही." "नाही दिली तर तोंडावर कोणी बोलत नाही, पण ठाण्यापर्यंत धक्के बसतात." एकाचा पास बढतीनंतर सेकंडचा फर्स्ट झाला होता. तो म्हणाला, "तिकडे मी देत नाही. कोणी देत नाही, आपण कशाला द्यायची?" माणूस तोच, गुडघे तेच, डबा बदलला. माझं रखडलेलं प्रकरण त्या एका वाक्याने पुढे सरकलं.

मग करोना आला आणि जणू माझ्यासाठी प्रयोगच झाला (असं म्हणणं वाईट दिसतं, पण मनात आलं खरं). मार्च २०२० मध्ये लोकल सामान्य प्रवाशांना बंद झाल्या. पुढे मधल्या सीटवर बसू नका म्हणणारे स्टिकर लागले. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस झालेल्यांना प्रवास खुला झाला आणि मी पुन्हा डब्यात शिरलो. पहिले काही दिवस बाकावर दोघं, मग तिघं. चौथी कोणी मागेना. बसलेले मागणाऱ्याची वाट बघताहेत आणि उभे असलेले देणाऱ्याची, असं मला वाटत होतं. एके सकाळी कळव्याच्या पुढे एका आजोबांनी कोणालाही न विचारता बूड टेकलं. तिघं सरकले. दोन बाकं पलीकडे लगेच आणखी एकजण टेकला. पुढच्या आठवड्यात जणू काही झालंच नव्हतं.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७८ मध्ये याचं गणित मांडलं आहे. शंभर माणसं घ्या. एकाला दंगलीत उतरायला कोणाचीच सोबत लागत नाही, दुसऱ्याला एक जण लागतो, तिसऱ्याला दोन, असे चढत नव्याण्णवपर्यंत जा. सगळे शंभर उतरतात. आता 'एक जण लागतो' वाल्याला काढून तिथे 'दोन लागतात' वाला ठेवा. दंगल एका माणसावर थांबते. समाज जवळजवळ तोच, ऐक्य तेच, शेवट मात्र वेगळा. कळव्याचे ते आजोबा माझ्या हिशेबात शून्यवाले. ते त्या दिवशी घरी राहिले असते तर चौथी सीट परतायला किती दिवस लागले असते, कुणास ठाऊक.

सीटवरून आठवलं. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रमने सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत आपल्या विद्यार्थ्यांना धडधाकट माणसांकडे सीट मागायला पाठवलं होतं. कारण न देता "मला तुमची सीट मिळेल का?" एवढंच विचारलं तर ६८ टक्के लोकांनी सीट दिली. काही जण उठलेच नाहीत, नुसते सरकून जागा केली. म्हणजे चौथी सीट तिकडेही निघते. गंमत अशी, की 'उभ्याने पुस्तक वाचता येत नाही' असं फुटकळ कारण जोडलं की देणारे कमी झाले. आपल्याकडेही अनुभव हाच: जो फार समजावतो त्याला कोणी सरकत नाही. आणि मागणाऱ्यांच्याच घशाला कोरड पडायची, खुद्द मिलग्रमच्याही. दुर्खीमचा तो दाब इथे मोजता येण्याच्या जवळ येतो, आणि मला हेच हवं होतं.

आता या बोटाचं लंगडेपण. एका संध्याकाळी दादरला रंगकाम करणारा एक माणूस चढला, कपड्यांवर चुन्याचे डाग. त्याने सरकायला सांगितलं. तिघांपैकी दोघांना तत्काळ झोप लागली, तिसरा मोबाइलमध्ये घुसला. अपेक्षांचा सिद्धांत म्हणेल, अशा माणसाला सीट द्यावी अशी अपेक्षाच डब्यात नव्हती. बरोबर आहे, पण का नव्हती? इथे ही मंडळी गप्प बसतात. कोण मागू शकतो आणि कोणाला मागताच येत नाही, याचा इतिहास त्यांच्या गणितात येत नाही.

तो इतिहास मला एका निबंधात मिळाला, आणि आपण मराठी माणसांनी तो समाजशास्त्राच्या पहिल्याच वर्षाला वाचायला हवा होता. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातींच्या उगमावर तो वाचला. तो विद्रोहाचा दस्तऐवज म्हणून वाचतात, ते ठीकच. पण तो नियम कसे जन्मतात याचा एक रोखठोक सिद्धांतही आहे. जात म्हणजे बहिर्विवाहावर (गोत्राबाहेर लग्न करण्यावर) लादलेला अंतर्विवाह (गटातच लग्न). तो टिकवायचा तर गटात स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहिली पाहिजे. जोडीदार मेल्यावर उरलेल्याचं काय करायचं, या अडचणीतून सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह आले, आणि त्यांची थोरवी गाणारं तत्त्वज्ञान मागाहून आलं. आधी गरज, नंतर गौरव. मी चौथ्या सीटचं 'मुंबईचं कल्चर' ऐकलं होतं, ते आठवून हसू आलं.

या प्रथा पसरल्या कशा, हे सांगायला आंबेडकरांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्दचे अनुकरणाचे नियम घेतले. दुर्खीमशी उभा दावा मांडणारा हाच तो गाब्रिएल तार्द. एका वर्गाने दार आतून लावून घेतलं, इतरांनी नक्कल केली, आणि उरलेल्यांना दारं बंद झालेली दिसली. आणि हे मोघम नाही. आंबेडकर दाखवतात, की ब्राह्मणांच्या जवळच्या जातींनी तिन्ही प्रथा उचलल्या, त्याहून दूरच्यांनी वैधव्य आणि बालविवाह, आणखी दूरच्यांनी नुसता बालविवाह, आणि सगळ्यात लांबच्यांनी फक्त जातीवरचा विश्वास. अंतर वाढेल तशी नक्कल फिकी होते, हा दावा क्षेत्रात जाऊन तपासता येतो. सिद्धांताकडून आणखी काय हवं?

बर्गर आणि लकमान या समाजशास्त्रज्ञांचंही नाव कोणी सुचवेल. १९६६ चं त्यांचं पुस्तक वाचायला फार छान. दोघांची सवय तिसऱ्यासाठी 'असंच असतं' कशी होऊन बसते, हे त्यांनी दाखवलंय. 'पद्धत आहे'चा जन्म म्हणा ना. पण प्रश्नावली करायला बसलो, तर माझ्या हाताला काही लागलं नाही. तुम्हाला लागलं तर कळवा.

तेव्हा काय घ्यावं? विषय गणेशोत्सव, वारी, जत्रा असा असेल, तर दुर्खीमकडेच जा, मात्र १९१२ च्या, धर्मावर लिहिणाऱ्या दुर्खीमकडे. गर्दीच्या भारलेपणावर त्याला तोड नाही. लग्न, मानपान, जातपंचायत असेल तर १९१६ चा निबंध मध्ये ठेवा; त्याला नुसतं प्रस्तावनेत वंदन करून पुढे जाऊ नका. रांग, पार्किंग, सोसायटी, लोकल, ऑफिसातली वर्गणी, अशा रोजच्या गोष्टी असतील तर मी अपेक्षांच्या बाजूला झुकतो. आग्रह नाही. माझं काम बिक्किएरीने झालं, आणि ते जिथे थांबलं तिथे आंबेडकर पुढे घेऊन गेले.

एक सावधगिरी. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "यात दुर्खीम कुठाय?" दीड पान होतं, ते उघडून दाखवलं. तेवढं ठेवा.

आणि प्रश्नावली छापायच्या आधी पाच जणांवर दोन्ही तऱ्हा करून बघा, 'का?' वाली आणि 'दहांत किती?' वाली. लोकलमध्येच विचारणार असाल तर डाऊन करून (म्हणजे आधी उलट दिशेला जाऊन, तिथून सुटणाऱ्या गाडीत) सीट धरलेल्यांना विचारा. उभे असलेले ठाण्यापर्यंत तोंड उघडत नाहीत.